वरची मूठ

उत्तरा चौबळला कुणी "तुमच्या पुऱ्या तेलकट झाल्यात" म्हटलं असतं, तर तिने हसून मान डोलावली असती. तिच्या पुऱ्या तेलकट होतातच. पण पुण्याच्या पंपाला कुणी नाव ठेवलं की बाईंचा पारा सरसर चढायचा. नागोयाच्या ऑफिसात हे रिसेप्शनपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं, त्यामुळे त्या सोमवारी शिबाता-सान तिच्या टेबलाकडे आले ते पाय ओढतच आले.

शिबाता-सान क्वालिटी विभागाचे प्रमुख. कंपनी शेतात चर खणणारी यंत्रं बनवायची. खाली रणगाड्यासारखे पट्टे, पुढे केबिन, मागे दातेरी साखळी. साखळी जमिनीत शिरते, माती उपसत जाते आणि मागे सरळ, अरुंद चर उरतो. ही साखळी फिरते तेलाच्या दाबावर, आणि तो दाब देणारा पंप बनतो कंपनीच्या भोसरीच्या कारखान्यात. उत्तरा मूळची तिथलीच. नवरा अनुराग आणि मुलगी नेत्रा यांच्यासकट ती नागोयाला बदलून आली, ती हे पंप जपानी यंत्रांत नीट नांदवण्यासाठीच. लेकीच्या सासरी राहायला गेलेल्या आईइतकी ती हळवी होती, आणि तितकीच भांडकुदळही.

"चौबळ-सान, मियागीचं मशीन पुन्हा दम टाकतंय," शिबाता-सान म्हणाले. "पंप बदलला. नव्या पंपालाही तोच त्रास."

"मग दोष पंपात नाही. दोन पंप एकदम आजारी कसे पडतील?"

"किंवा दोन्हींत एकच दोष आहे," शिबाता-सान हळूच म्हणाले. "दोन्ही पुण्याचे आहेत."

उत्तराने हातातलं पेन खाली ठेवलं. शिबाता-सानांनी ते पाहिलं आणि घाईघाईने उरलेलं बोलून टाकलं. "कारण सापडेपर्यंत पुण्याचे पंप थांबवावेत, असं वरच्यांचं मत आहे."

या कंपनीतलं 'सापडेपर्यंत' हे फार लांबचं गाव आहे, हे उत्तरा इतक्या वर्षांत शिकली होती. तोवर म्हणून नागोयाचा पंप बसवायचा, मग त्याचीच सवय होणार, आणि भोसरीतला टेस्ट बेंच एक दिवस ताडपत्रीखाली जाणार. तो बेंच म्हणजे नयनाताई शेलारांचं राज्य. नयनाताई आयटीआय करून त्या कारखान्यात शिरल्या तेव्हा शॉपवर बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नव्हतं. आज त्यांच्या हाताखाली आठ-दहा जणी होत्या, आणि नयनाताईंनी बेंचवर चालवून पाहिल्याशिवाय एकही पंप दाराबाहेर पडत नव्हता. शिकाऊ इंजिनियर म्हणून आलेल्या उत्तराला गेज वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, तेही चांगलं रागावून. त्यांचा बेंच बंद पडणार, तोही 'कमजोर' असा शिक्का बसून, ही कल्पनाच तिला सहन होईना.

"मी स्वतः जाते," ती म्हणाली. "कारण घेऊनच परत येईन."

"मीही येतो," शिबाता-सान म्हणाले. त्यात सोबत किती आणि पाळत किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

घरी बॅग भरताना नेत्रा दारात उभी राहून बघत होती. "आई, दाइजोबु?" तिने विचारलं. ठीक आहेस ना, असं. "मला काय धाड भरलीय!" उत्तरा म्हणाली आणि पुऱ्यांचा डबा बॅगेत इतक्या जोरात कोंबला, की नेत्राला तिचं उत्तर मिळालं.

मियागी प्रांतातल्या सेंदाईपर्यंत शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन, तिथून पुढे गाडीने समुद्राकडे. एप्रिल लागला होता. आत शहरात झाडांना फुलं होती, पण किनाऱ्याच्या अंगाला आलं की झाडंच संपायची. तीन वर्षांपूर्वी इथून पाणी गेलं होतं. घरांच्या जागी नुसते पाये उरले होते, आणि पलीकडे क्षितिजापर्यंत भाताची सपाट खाचरं. समुद्राच्या पाण्याने ती खारट केली होती. त्यावर उपाय एकच. शेतात ओळीने चर खणायचे, त्यात भोकं पाडलेले पाइप घालायचे, वर भाताचं तूस पसरायचं आणि माती लोटायची. मग गोडं पाणी सोडलं की ते मीठ घेऊन खाली उतरतं आणि पाइपातून निघून जातं. यंदा महिनाअखेर कालव्याला पाणी सुटणार होतं. त्सुनामीनंतरची इथली पहिली लावणी. ज्या खाचरांत पाइप पडणार नाही, ती आणखी एक वर्ष कोरडी राहणार.

मशीनवर ओइकावा-सान होते. साठी ओलांडलेले, बुटके, हाताचे पंजे मात्र फावड्याएवढे. मूळचे शेतकरीच. शेत खारट झालं तेव्हा त्यांनी ठेकेदाराकडे यंत्र चालवायचं काम धरलं, आणि आता आपल्याच गावाच्या शेतांत चर खणत होते. राहिलेल्या पट्ट्यात त्यांची स्वतःची दोन खाचरंही होती. त्यांची बोली उत्तराच्या डोक्यावरून जायची. शिबाता-सान तीच वाक्यं शहरी जपानीत पुन्हा म्हणून दाखवायचे.

"हा पंप पोटात कळ आल्यासारखा वागतो, असं म्हणताहेत," शिबाता-सान म्हणाले.

"बघू या कुणाच्या पोटात कळ येते ते," उत्तरा मराठीत पुटपुटली आणि हेल्मेट घातलं.

ओइकावा-सानांनी इंजिन चालू केलं, ते गरम होऊ दिलं, आणि साखळी जमिनीत उतरवली. वरची माती लोण्यासारखी कापली गेली. मग हातभर खाली साखळी एका थराला लागली आणि इंजिनाचा सूर बदलला. तो थर माणसांनीच केलेला. ढिगारे उपसायला महिनोन्‌महिने अवजड यंत्रं या शेतांतून फिरली होती, त्यांनी जमीन दाबून दाबून टणक केली होती. इंजिन दबलं, धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला, साखळी कण्हत कण्हत जवळजवळ थांबली. ओइकावा-सानांनी ती उचलली, इंजिनाला श्वास घेऊ दिला, पुन्हा उतरवली. पुन्हा तेच. असं उचलत-टेकवत ते थोडेसे पुढे सरकले. चालत्या मशीनने जे काम एका दमात व्हावं, त्याला हे असं आजाऱ्याला चार पावलं चालवावं तसं चाललं होतं.

"या गतीने महिनाअखेर होणार नाही," शिबाता-सान म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

उत्तराने सुरुवात इंजिनापासून केली. स्थानिक सर्व्हिसवाल्यांनी हे सगळं आधी तपासलं होतं, पण दुसऱ्याने चाखलेल्या आमटीच्या चवीवर विश्वास ठेवायचा नाही, हा नयनाताईंचा धडा. एअर फिल्टर काढला, उजेडात धरला: स्वच्छ. डिझेलचा फिल्टर नवा, टाकीच्या तळाशी पाणी नाही. रेडिएटरच्या जाळीत तुसाचा एक कणही अडकलेला नाही, कारण ओइकावा-सान रोज संध्याकाळी मशीनला न्हाऊ घालायचे. भार नसताना इंजिन ठरलेल्या वेगाने गुणगुणत होतं. म्हणजे इंजिन धडधाकट, फक्त कामाला जुंपलं की गुडघे टेकतंय.

मग हायड्रॉलिक्स. तेलाचा फिल्टर कापून तिने कागद उलगडला आणि बोट फिरवलं. लोखंडाचा चुरा नाही. पंप आतून झिजत असता तर इथे चमचमलं असतं. तेल मात्र हवं त्यापेक्षा गरम होतं. सगळ्यात जास्त दाब किती, तो बघितला: अगदी बरोबर. शेवटी पंपातून किती तेल येतं ते मोजायचं यंत्र जोडलं. ठरावीक दाबाला इतकं तेल आलंच पाहिजे, असा एक आकडा असतो. पंप थकला की काटा त्याच्या खाली राहतो. काटा सरकला, आकड्याला पोचला, आकडा ओलांडून वर गेला आणि तिथे ठाण मांडून बसला.

"पुरेसं आहे," शिबाता-सान म्हणाले. सर्व्हिसवाल्यांनीही तेच म्हटलं होतं.

"पुरेसं?" उत्तराची मान ताठ झाली. "चांगलं भरपूर आहे!"

त्या आनंदात ती जेवायला बसली. तुसाच्या पोत्यांवर तिघे ओळीने बसले. ओइकावा-सानांनी घरचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, काढले, उत्तराने तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या. त्यांनी एक घेतली, वास घेतला, खाल्ली आणि दुसरी न विचारता उचलली. उत्तरा आणखीच खुलली. शिबाता-सानांकडे वळून तिने पंपाचं गुणगान सुरू केलं. "आमच्या नयनाताई म्हणतात, गिऱ्हाइकाला कमी कधी द्यायचं नाही. आमच्याकडे धान्याचा दुकानदार माप भरून झालं की वर एक मूठ टाकतो. माप पुरं झालेलं असतं, तरी टाकतो. त्यात त्याची इज्जत असते. आमच्या बेंचवरही तसंच. नयनाताई सेटिंग आकड्यावर आणतात आणि मग हलकेच थोडं वर. शॉपमध्ये त्याला 'नयनाताईंची मूठ' म्हणतात. म्हणून तर पुण्याचा पंप कमी पडत नाही. उलट थोडं जास्तच..."

आणि बाई बोलता बोलता थांबल्या. पुरी हातातच राहिली.

जास्त. पंप काही स्वतः ताकद निर्माण करत नाही. तो इंजिनाकडून घेतो आणि साखळीला देतो. किती घ्यायची, हे त्याच्या पाठीवरचा एक लहानसा स्क्रू ठरवतो. भारतातल्या मशीनवर इंजिन चांगलं ऐसपैस असायचं. पंपाने मूठभर जास्त मागितलं तर ते हसत द्यायचं. हे जपानी मशीन मात्र मोजून-मापून बेतलेलं. पंपाने मागावं तेवढंच इंजिनाकडे, वर काही नाही. मऊ जमिनीत पंप पुरतं मागतच नाही, म्हणून होक्काइदोच्या मऊ काळ्या मातीत चालणाऱ्या अशाच मशीनची तक्रार आली नव्हती. इथे टणक थर लागला, पंपाने हक्काने आपली वरची मूठ मागितली, आणि इंजिन त्या मुठीखाली गुदमरलं. तेल तापलं तेही त्यामुळेच. पंप कमी आहे का, हे सगळ्यांनी तपासलं होतं. जास्त आहे का, हे कोण कशाला विचारेल? तिनेही विचारलं नव्हतं. उलट कौतुक केलं होतं.

"काय झालं?" शिबाता-सानांनी विचारलं.

"काही नाही. तिखट लागलं," उत्तरा म्हणाली.

जेवण झाल्यावर शिबाता-सान गाडीत बसून नागोयाशी फोनवर बोलू लागले. ओइकावा-सान तोंडावर टोपी घेऊन पोत्यांवर आडवे झाले. उत्तरा मशीनशी गेली, पत्रा उघडला आणि त्या स्क्रूसमोर पाना घेऊन उभी राहिली.

नट सैल करायचा, स्क्रू अर्धा फेरा मागे घ्यायचा, नट आवळायचा. चहा ढवळायला लागतो तेवढा वेळ. मशीन सुतासारखं सरळ चालणार. विचारलं कुणी तर 'किरकोळ अ‍ॅडजस्टमेंट' म्हणायचं. बाकीच्या मशीनचं काय? त्यांनाही सर्व्हिसच्या वेळी गुपचूप तसंच करता येईल. पुण्याची अब्रू शाबूत, नयनाताईंचा बेंच शाबूत. आणि खरं सांगितलं तर? ड्रॉइंग सोडून काही केलेलं या कंपनीत कुणी माफ करत नाही. कमजोर पंप एक वेळ चालेल, मनमानी करणारा कारखाना चालणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? तिचं मन तिला हे सगळं अगदी समजूतदारपणे सांगत होतं.

तिने पाना नटावर बसवला. आणि मग तिला स्वतःचाच असा राग आला, की कानशिलं तापली. पुण्याच्या पंपासाठी ती इतकी वर्षं या लोकांशी ताठ मानेने भांडली, ती ही अशी पत्र्याआड वाकून अब्रू राखायला? चोरून राखलेल्या अब्रूची राखण जन्मभर करावी लागते. उद्या एखाद्या कडक जमिनीत आणखी एक मशीन अडेल, आणि आणखी एखादा ओइकावा-सान साखळी उचलत-टेकवत बसेल. तिने पाना काढला आणि शेताच्या बांधावरून तिला जमेल तितक्या मोठ्याने हाक मारली.

"शिबाता-सान! इकडे या! कारण सापडलं!"

ते धावतच आले. ओइकावा-सान टोपी सावरत उठले. उत्तराने दोघांना मशीनशी उभं केलं आणि सगळं सांगितलं: स्क्रू कोणता, तो किती वर आहे, का वर आहे. मुठीचंही पुन्हा सांगितलं, या वेळी खाली न बघता पण बढाईही न मारता. शिबाता-सानांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला. मग तिने त्यांच्यादेखत नट सैल केला, मीटरचा काटा बरोबर आकड्यावर आणला आणि नट आवळला.

"आता खणा," ती ओइकावा-सानांना म्हणाली.

साखळी उतरली. वरची माती गेली, टणक थर आला, इंजिनाचा सूर जरा जाड झाला, आणि तसाच राहिला. काळा धूर नाही, कण्हणं नाही. साखळी आपली ओल्या मातीचे तुकडे बाजूला टाकत चालली होती. ओइकावा-सान सवयीने ती उचलायच्या तयारीत दांड्यावर हात ठेवून होते. थोड्या वेळाने त्यांना कळलं, की उचलायची गरजच नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवला. खाचराच्या टोकापर्यंत ते एका दमात गेले, मशीन वळवलं, आणि केबिनच्या काचेतून त्यांचे दात दिसले. उत्तराने दोन्ही हात उंच केले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

शिबाता-सान मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडे एक रीत आहे. बिघाड दुरुस्त झाला म्हणजे काम संपत नाही. 'का' विचारायचं, त्या उत्तरावर पुन्हा 'का', असं मुळापर्यंत जायचं, आणि तेही बिघडलेल्या वस्तूशेजारी उभं राहून. माणसाचं नाव घ्यायचं नाही, फक्त कारण.

"इंजिन का दबलं?"

"पंपाने जास्त मागितलं."

"का?"

"सेटिंग वर होतं."

"सेटिंग वर का ठेवलं?"

"आमच्याकडे कमी देण्याची लाज वाटते. जास्त देण्याची नाही."

"जास्त नको, हे शॉपला माहीत का नव्हतं?"

"कारण कुणी सांगितलं नाही," उत्तरा म्हणाली. "ड्रॉइंगवर 'याहून कमी नको' एवढंच आहे. किती जास्त चालेल, त्याची जागा कोरी आहे."

"का कोरी आहे?" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि उत्तर देणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. ड्रॉइंगखाली सही त्यांचीच होती. त्यांनी खिशातून वही काढली आणि तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे आकडा दिला की माणूस आकड्यावरच थांबतो. वरची मर्यादा लिहावी लागेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. ही चूक माझीही आहे."

उत्तराने मान लववली. त्यांनीही लववली. पण प्रश्न तिथे मिटला नाही. "तरीही," ते म्हणाले, "हा पंप इतके दिवस मर्यादेबाहेर, तापलेल्या तेलात चाललाय. आधीचा तर त्याहून जास्त. तो आतून खराब झाला असेल. बाकीच्या मशीनमधलेही तसेच होत असतील. ते सगळे परत मागवावे लागतील. माफ करा."

म्हणजे आपण फिरून पहिल्याच पायरीवर आलो. उत्तराला क्षणभर वाटलं, पत्र्याआड वाकले असते तर बरं झालं असतं. मग तिने हेल्मेट काढलं, केस मागे सारले आणि म्हणाली, "आधीचा पंप कुठे आहे?"

"शेडमध्ये. पेटीत, परत पाठवायला."

"उघडू या. आत्ता, सगळ्यांसमोर."

"कारखान्यात उघडायची पद्धत आहे."

"कारखान्यात माझ्या माघारी उघडाल. इथे माझ्यासमोर उघडा. आत एक जरी ओरखडा निघाला, तरी पुण्याचे पंप थांबवायच्या कागदावर पहिली सही माझी."

बोलणं सोपं होतं. असल्या तेलात, असल्या भाराखाली भल्याभल्या पंपांना चरे पडलेले तिने स्वतः पाहिले होते.

शेडमध्ये ओइकावा-सानांनी टेबल पुसलं, पुन्हा पुसलं, आणि वर नवं कापड पसरलं. शिबाता-सानांनी बाह्या दुमडल्या. उत्तराने एकेक बोल्ट काढून ओळीत ठेवला. झाकण निघालं तेव्हा तिने नजर मुद्दाम वळवली आणि आतला भाग नुसत्या हातांनी बाहेर घेतला: पिस्टनांचा गुच्छ, आणि ज्या चकतीवर तो घासत फिरतो ती चकती. झिजायची तर आधी ही चकती झिजते. ओइकावा-सानांनी विजेरी धरली. उत्तराने चकतीवरचं तेल कापडाने टिपलं आणि मग धीर करून पाहिलं.

चकतीत तिला तिचं स्वतःचं तोंड दिसलं, तेलाचा डाग लागलेलं, घाबरलेलं.

शिबाता-सानांनी हातमोजा काढला. उघड्या बोटाचं टोक त्यांनी चकतीवरून सावकाश फिरवलं, नखही फिरवून पाहिलं. मग पिस्टन एकेक करून उचलले, उजेडात फिरवले, खाली ठेवले. शेवटचा पिस्टन ठेवून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिला उचलला.

"इतक्या भाराखाली," ते अखेर म्हणाले, "हा असा राहायला नको होता."

ओइकावा-सानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कापडावरच्या त्या सुट्ट्या भागांपुढे कमरेतून वाकले. मग त्यांनी काहीतरी विचारलं. शिबाता-सानांनी ते शहरी भाषेत सांगितलं.

"हे कुणी बनवलं, असं विचारताहेत. मी इतके दिवस त्याला शिव्या दिल्या, त्या परत घ्यायच्या आहेत म्हणाले."

उत्तराने कापडाला हात पुसले. तिने नयनाताईंचं नाव सांगितलं. ओइकावा-सानांनी ते दोनदा म्हणून पाहिलं: "शेरारु-सान. शेरारु नायाना-सान." शिबाता-सान फोन घेऊन शेडबाहेर गेले, आणि ते नागोयाला काय सांगत होते ते आत स्पष्ट ऐकू आलं. पुण्याचे पंप चालू राहतील. मशीनवर जाऊन सेटिंग दुरुस्त करायचं. ड्रॉइंगवर वरची मर्यादा घालायची, त्याचं पत्र माझ्या नावाने निघेल. नाही, पंपात दोष नाही. मी हात लावून पाहिला आहे.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते सगळ्यात अवघड होतं. भोसरीत नुकती जेवणाची सुट्टी संपली असेल. उत्तरा बांधावर येऊन उभी राहिली आणि तिने फोन लावला.

"बोल गं," नयनाताई बेंचच्या घरघरीतून ओरडल्या. "काय म्हणतात तुझे जपानी? कमजोर म्हणे आमचा पंप?"

"नयनाताई, कमजोर नाही. पण चूक आपली निघाली." तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. मूठ, इंजिन, काळा धूर, खोळंबलेलं शेत.

"म्हणजे तू मला कमी द्यायला सांगतेस?" नयनाताईंचा आवाज चिरला. "आजवर कुणाला कमी दिलं नाही गं मी."

"कमी नाही, ताई. नेमकं. या मशीनला वरची मूठ झेपत नाही. तुम्ही मायेने घातली आणि त्याच्या घशात बसली."

पलीकडे पाना टेबलावर आपटल्याचा आवाज आला. उत्तराला वाटलं, आता फोन ठेवतात बहुतेक. ठेवला असता तरी तिने राग मानला नसता.

"जुना उघडलात?" नयनाताईंनी विचारलं. आवाज एकदम वेगळा, कामाचा. "आतून कसा होता?"

"आरशासारखा. समोर धरून कुंकू लावावं असा. नखालासुद्धा काही लागलं नाही. नागोयाचे क्वालिटीचे साहेब हातमोजा काढून बघत बसले होते. आणि इथले मशीन चालवणारे ओइकावा-सान आहेत ना, त्यांनी टोपी काढून पंपाला नमस्कार केला, ताई. तुमचं नाव विचारून घेतलं."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग नयनाताईंचा तो जुना, शॉपच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज आला, पण फोनमध्ये नव्हे. "ए सुनीता! बेंच बंद कर! सगळ्या जणी इकडे या, हातातलं ठेवा आणि या!" घरघर थांबली. पावलं, बांगड्या, कुजबुज. "फोन स्पीकरवर टाकलाय," नयनाताई म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांग. आधी माझी चूक सांग, सगळ्यांना नीट कळू दे. मग आतून कसा होता ते सांग."

उत्तराने घसा साफ केला आणि सांगायला लागली. समोर ओइकावा-सान आता त्यांच्या स्वतःच्या खाचरात शिरले होते, आणि मशीनच्या आवाजावरून पलीकडे ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागत होतं. त्या ओरडण्याने त्यांनी मान वळवून पाहिलं. तिने हात हलवून त्यांना थांबू नका म्हणून सांगितलं, आणि आणखी मोठ्याने बोलू लागली.